दिवस जाण्यापूर्वी आणि अंगावर पाजताना : औषधांची तयारी

मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर औषधांची यादी दिवस जाण्याआधीच करावी. कारण ज्या नलिकेपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते आणि तोवर पाळी चुकल्याची जेमतेम शंका आलेली असते. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आधीपासून घेण्यास सांगतात ते यासाठीच.

यादी आठवणीवर विसंबून करू नये. घरातली सगळी औषधे समोर मांडून पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव, मात्रा आणि किती वेळा घेता हे लिहावे. गोळ्यांची पट्टी कापली जाते तेव्हा नेमका नावाचा तुकडा निघून जातो, म्हणून खोका जपून ठेवावा. सर्दीच्या एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात, तीही वेगवेगळी नोंदवावीत. काढे, चूर्णे, मलमे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या ‘औषध नव्हेत’ म्हणून गाळू नयेत. अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा गर्भाला घातक ठरू शकते. मुरुमांसाठी पोटात घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन तर गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी थांबवावेच लागते.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती भीतीपोटी औषध परस्पर सोडणाऱ्या स्त्रियांची. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट गर्भाला धोकादायक आहे हे खरे, पण ते अचानक बंद केल्यास येणारी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. त्यामुळे बदल डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि शक्यतो गर्भधारणेपूर्वी व्हावा. दम्याचा इनहेलर सहसा चालूच ठेवायचा असतो आणि थायरॉइड कमी असल्यास घ्यायच्या गोळीची मात्रा गरोदरपणात बहुधा वाढवावी लागते. रक्तदाबाची गोळी कोणती आहे हे मात्र पहिल्याच भेटीत दाखवावे, कारण त्यांतील काही गर्भाच्या मूत्रपिंडांना अपाय करतात. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके २० व्या आठवड्यापासून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

बाळंतपणानंतर यादी नव्याने करावी आणि तीत बाळाचे वय, वजन व ते अपुऱ्या दिवसांचे आहे का, हेही लिहावे. बहुतेक औषधे दुधात अल्प प्रमाणातच उतरतात, त्यामुळे दूध तोडण्यापूर्वी पर्यायी औषध आहे का हे विचारावे. खोकल्यावर व वेदनांवर दिले जाणारे कोडीन टाळावे, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे गुंगी आणणारे मॉर्फिन फार वेगाने बनते आणि दुधातून बाळापर्यंत पोचते; नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होऊ शकते. नवे औषध सुरू झाल्यावर बाळ नेहमीपेक्षा सुस्त झाले, नीट ओढून पिईना किंवा त्याचा श्वास मंदावला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता पाकिटासह त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.