क्रिप्टोवर जुगार: ‘हरलो, मग टॅक्स कायचा?’ आणि अशाच काही चुका टाळा

जुलै लागला की तालुक्यातल्या माझ्या छोट्याशा ऑफिसात रिटर्नवाल्यांची गर्दी होते. शिक्षक, तलाठी, कृषी केंद्रवाले. अलीकडे त्यात क्रिप्टोतून ऑनलाइन जुगार खेळणारी पंचविशीतली पोरंही दिसू लागलीत, मोबाइलवर आयकराची नोटीस उघडून. एक जण म्हणाला, “भाऊ, म्या तं सारे हरलो, मंग टॅक्स कायचा?”

सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. जुगाराच्या एका साइटवर वर्षभरात ८०,००० जिंकले, दुसरीवर तेवढेच घालवले, तर खिशात शून्य. पण कर लागतो पहिल्या ८०,००० वर: ३० टक्के म्हणजे २४,०००, वर ४ टक्के सेस, एकूण २४,९६०. त्याच वर्षात त्याच साइटवर भरलेले पैसे काढलेल्यातून वजा होतात. एका साइटचा तोटा दुसरीच्या फायद्यातून मात्र वजा होत नाही.

क्रिप्टोचं गणित याहून कडक आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोचं नाणं विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के, आणि वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. एका नाण्यात २०,००० कमावले, दुसऱ्यात २०,००० बुडाले, तरी ६,२४० भरायचे. तोटा पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे यूएसडीटी (डॉलरशी भाव बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेऊन डाव लावणारा दोन दारांतून जातो: डावातल्या जिंकण्यावर एकदा, आणि नाणं रुपयांत मोडताना भाव वाढलेला असेल तर त्या वाढीवर पुन्हा. ‘बारा लाखांपर्यंत माफ आहे ना?’ असंही विचारतात. ती सवलत या ३० टक्क्यांना नाही.

परदेशी साइट टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापत नाही, म्हणून कुणाला कळणार नाही असं वाटतं. पण इथल्या एक्सचेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर) नाणं विकलं की १ टक्का कापला जातो आणि तुमच्या पॅनवर नोंद होते. मार्च २०२३ पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंग कायद्याखाली ग्राहकाची माहितीही ठेवावी लागते. रिटर्नमध्ये क्रिप्टोचा वेगळा तक्ता आहे. ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ फॉर्ममध्ये तो नाही, त्यामुळे आयटीआर-२ किंवा ३ घ्यावा लागतो.

मग कुणीतरी शहाणा सुचवतो, कापसाचे पैसे दाखवू, शेतीला कर नाही. दाखवा की! सातबारा चार एकरांचा. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरले तरी २४ क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११०. झाले १,९४,६४०. खात्यात नऊ लाख आले असतील, तर बाकीच्या कापसाची काटापट्टी कुठून आणणार?

कायद्याचं थोडक्यात. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला आहे. पैशाऐवजी टोकन किंवा नाणं लावलं तरी ते डावातच धरलं जातं. कुरसाव या कॅरिबियन बेटाचं जुगाराचं लायसन्स साइटच्या तळाशी कितीही चमको, इथे ते उपयोगाचं नाही. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, हे खरं. पण पानटपरीवर रुपये घेऊन साइटवर खेळायचे आयडी वाटणारा आणि पैसे फिरवायला खातं भाड्याने देणारा यांनी या भरवशावर राहू नये, कारण व्यवहाराला मदत करणाऱ्यालाही त्यात तेवढीच शिक्षा आहे. २०२३ मध्ये नागपूरच्या व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटींची फसवणूक झाल्याची तक्रार केली, तेव्हा छापे थेट गोंदियात पडले होते. शिवाय १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. साइटने जिंकलेली रक्कम बुडवली, तर ती बुडाली.

पैसे काढताना साइट म्हणाली, ‘आधी ३० टक्के कर आमच्याकडे भरा’, तर एक रुपया पाठवू नका. आयकर भरायचा तो आयकर पोर्टलवरच्या चलानानेच. आधीच पाठवला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिले काही तास गेले की पैसा हाती लागणं कठीण.

आणि बँकेचं खातं गोठलं तर? पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, तुम्ही यूएसडीटी विकता, समोरचा अनोळखी माणूस रुपये टाकतो, ते रुपये कुण्या फसवणुकीतले निघतात, आणि दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं अडकतं. माझ्याकडच्या एका पोराने बापाचं खातं वापरलं होतं, ते तुरीच्या पैशासकट चार महिने बंद राहिलं. अशा वेळी मॅनेजरशी भांडण्यात अर्थ नसतो. शाखेतून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली रक्कम लेखी घ्या. त्या ठाण्याला ऑर्डरचा पुरावा, चॅट आणि खात्याचा उतारा पाठवा आणि सगळ्या खात्याऐवजी तेवढीच रक्कम रोखून ठेवण्याची विनंती करा. पीक कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर तेही त्याच अर्जात लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.