रेडिओ टॉवरचा पाया आणि त्याचे अर्थिंग

हॅम (हौशी) रेडिओसाठी ताणतारांशिवाय उभा राहणारा जाळीदार टॉवर बसवताना पाया केवळ वजन पेलण्यासाठी घातला जात नाही. वाऱ्याने टॉवर उलथू नये, हे त्याचे मुख्य काम असते. एक घनमीटर साध्या काँक्रीटचे वजन सुमारे 2400 किलो, म्हणजे दीड मीटर बाजूचा ठोकळा आठ टनांचा होतो. मात्र हे माप कोणी नकलू नये. टॉवरची उंची, अँटेनांचे क्षेत्रफळ, भारतीय मानक आयएस 875 भाग 3 मधील वाऱ्याचा वेग आणि जागेवरची माती पाहून ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्यावे. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे शक्य तेथे खड्डा ती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा.

अर्थिंगचा, म्हणजे टॉवरवर पडलेली वीज जमिनीत उतरवण्याच्या जोडणीचा, विचार मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वीच पूर्ण झालेला हवा, कारण नंतर सळईपर्यंत हात पोहोचत नाही. काँक्रीट ओलावा धरून ठेवते, म्हणून जमिनीला टेकलेल्या पायातील सळयांची जाळी स्वतःच उत्तम अर्थ ठरते. अमेरिकी अभियंते हर्बर्ट उफर यांनी दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅरिझोनातील दारूगोळा कोठारांसाठी हीच युक्ती वापरली होती. याच कारणासाठी खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूंना प्लास्टिक अंथरू नये. अँकर बोल्ट जाळीला क्लॅम्पने घट्ट जोडावेत. वेल्डिंग करायचेच असेल, तर सळई त्या प्रतीची आहे याची आधी खात्री करावी. हा जोड सैल राहिला, तर विजेचा प्रवाह काँक्रीटमधून उडी मारतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पाया तडकू शकतो.

जाळीला सर्व बाजूंनी किमान 50 मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) ठेवून, बोल्ट टेम्पलेटमध्ये (छिद्रे पाडलेल्या साच्यात) पाणसळीत धरून एम25 प्रतीचे काँक्रीट एकाच दमात ओतावे व व्हायब्रेटर फिरवावा. पीपीसी (पोझोलाना मिसळलेले) सिमेंट असल्यास किमान दहा दिवस पाणी मारावे. टॉवर 28 दिवसांनीच चढवावा.

केवळ पायावर विसंबणे मला पटत नाही. टॉवरच्या प्रत्येक पायापासून (लेगपासून) गॅल्व्हनाइज्ड पट्टी काढून ती जमिनीत ठोकलेल्या अर्थ रॉडला जोडावी आणि दोन रॉडमध्ये त्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट अंतर ठेवावे. टॉवरच्या जस्ताला तांब्याची तार थेट लावू नये. ओलाव्यात जस्त झिजते. हे सर्व घराच्या मुख्य अर्थिंगशीही जोडावे, अन्यथा वीज पडल्यावर दोहोंमधील व्होल्टेजचा फरक अँटेनाच्या कोअ‍ॅक्स केबलमार्गे रेडिओ संचात शिरतो. अर्थ टेस्टरने मोजणी भर उन्हाळ्यात, माती कोरडी असताना करावी आणि रोध दहा ओहमपेक्षा जास्त भरल्यास रॉड वाढवावेत.