लंडन-पॅरिस: अंतर आणि विमानाचा वेळ मोजताना या चुका टाळा

तिकिटावर लंडनहून सुटायची वेळ 10:00 आणि पॅरिसला पोहोचायची 12:20 दिसली की बरेच जण वजाबाकी करून 2 तास 20 मिनिटं धरतात. परतीच्या तिकिटावर मात्र 10:00 ला निघून 10:20 ला उतरायचं असतं. मग तिकीटच चुकलं असं वाटून एजंटला फोन जातो. चूक तिकिटात नसते. दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापतात आणि पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे. जाताना फरकातून एक तास वजा करा, येताना त्यात मिळवा. उत्तर दोन्हीकडून 1 तास 20 मिनिटं.

उन्हाळी वेळेचा इथे घोळ नाही. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही शहरं एकाच क्षणी घड्याळ बदलतात. बदलतो तो भारताशी असलेला फरक: लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. घरी फोनची वेळ कळवताना हे बघा.

अंतराचे आकडे तर हमखास जुळत नाहीत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींचे असतात. सरळ हवाई अंतर सुमारे 344 किलोमीटर, रेल्वेमार्ग 490 च्या आसपास, रस्त्याने 460 च्या आसपास (त्यात गाडी रेल्वेवर चढवून पार करायचा 50 किलोमीटरचा, इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालचा चॅनल बोगदाही आला). विमानाच्या नोंदीत 188 ‘मैल’ दिसले तर ते नॉटिकल मैल, 1.609 ने नाही, 1.852 ने गुणा. नाहीतर सुमारे 46 किलोमीटर गायब होतात.

दुसरा फसवा हिशोब म्हणजे 344 भागिले 800 किलोमीटर ताशी, म्हणजे साधारण 26 मिनिटं. इतक्या छोट्या पल्ल्यात विमान पूर्ण वेगात फार थोडा वेळ असतं. 10,000 फुटांखाली वेग साधारण 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटरपर्यंतच ठेवतात. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंतची रांग त्यातच, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाला उतरताना आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर त्याही.

आता खरी तुलना. मध्य लंडनहून विमानतळ 1 तास, उड्डाणाआधी 2 तास, प्रवास 1 तास 20, इमिग्रेशन आणि बॅग पाऊण तास, तिथून आरईआर-बी लोकलने गार द्यू नोर (पॅरिसमधलं युरोस्टार रेल्वेचं स्टेशन) 35 मिनिटं. झाले 5 तास 40 मिनिटं. चॅनल बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेला लंडनच्या सेंट पॅनक्रास स्टेशनपासून साधारण 2 तास 20 मिनिटं लागतात. स्टेशनवर सव्वा तास आधी आणि तिथवर जायला अर्धा तास धरला तरी चार तासांच्या आसपास. फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही लंडनलाच होते. सामान जड असेल तर विमानाचा हट्ट कशाला, कळत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकातही तोच एक तासाचा फरक लक्षात ठेवा.

विमानानेच जायचं तर विमानतळाचं नाव नीट वाचा. शार्ल द गोल आणि ओर्ली त्यामानाने शहराजवळ आहेत. ‘पॅरिस बोव्हे’ मात्र सुमारे 85 किलोमीटर लांब.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा आणि शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) असे दोन वेगळे व्हिसा लागतात. पॅरिस-लंडन-पॅरिस असा बेत असेल आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर परत पॅरिसला जाता येत नाही. अर्ज करतानाच एकाहून अधिक प्रवेशांचा मागा.