लोणच्या-मुरब्ब्यासाठी स्वस्तात बरण्या पायजेत? आधी झाकण बघा

कैऱ्या उतरायला लागल्या की सगळं नागपूर एकदमच बरण्या शोधायला निघतं, मग दुकानदार कायले भाव कमी करणार. म्हणून बरण्यांची खरेदी कैरीच्या सीझनमध्ये करायचीच नाही. दिवाळीची सफाई चालू असते तेव्हा घराघरातून जुन्या बरण्या, कॉफीच्या बाटल्या, आजीच्या काळातल्या चिनीमातीच्या बरण्या कबाड्याकडे जातात, तो खरा टाइम. आणि त्याच सुमारास अंबिया बहाराचा संत्रा पण बाजारात यायला लागतो, म्हणजे मार्मालेड करणाऱ्यांचं काम लगेच होऊन जातं.

आता मुद्द्याचं. काच कुठंही मिळते, अगदी फुकट पण मिळते, अडतं ते झाकणापाशी. बरणी कितीही सुंदर असू द्या, झाकण सैल असलं की बुरशी ठरलेली. त्यामुळे मी कुठंही गेली तरी हातात आधी झाकण घेते, ते उलटं करून आतली रबरासारखी गोल पट्टी बघते. पट्टी मऊ, अखंड असली तर ठीक. कडक झाली असेल, तुटली असेल किंवा आतून गंजाचा एक ठिपका जरी असला तरी मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतात तसं "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" म्हणून तिथंच सोडून द्यायचं. मीठ न् लिंबू पत्र्याला खातात, आज ठिपका आहे तर दोन महिन्यात भोक आहे.

फुकटात कुठं मिळतात ते सांगते. बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज टाका की जॅम, मध, कॉफी, पीनट बटरच्या काचेच्या बाटल्या फेकू नका, मी घेऊन जाईन. लोकांना फेकायला जीवावर येतं आणि ठेवायला जागा नसते, त्यामुळे खुशीनं देतात. पानठेल्यावर गुलकंदाच्या बरण्या निघतात त्या मागून ठेवा, पण तंबाखू न् किमामच्या बरण्या फुकट दिल्या तरी नको, तो वास झाकणातून जातच नाही. बेकरी आणि कॅटररवाल्यांकडे चेरी, लोणचं, मेयोनीजचे मोठे डबे रिकामे होत राहतात. किराणा दुकानातल्या टॉफीच्या मोठ्या प्लास्टिक बरण्या दुकानदार थोड्या पैशात देऊन टाकतो, त्या लोणच्याले नाही पण सरगुंडे, कुरड्या, पापड भरायला एकदम मस्त.

कबाड्याकडे जाल तर सकाळी जा, माल ट्रकमध्ये भरायच्या आधी. नगावर भाव करू नका, दहा-बारा एकदम निवडून ठेवा आणि मग एक आकडा बोला. एक नियम मात्र कडक पाळा, बाटलीवर मूळ लेबल नसेल आणि आत काय होतं ते समजत नसेल तर घ्यायचीच नाही, फिनाइल न् अ‍ॅसिड पण लोक कशातही भरून ठेवतात बाप्पा. दारूच्या काचेच्या बाटल्या संत्र्याच्या किंवा आवळ्याच्या सरबताला चांगल्या, पण तोंड अरुंद असतं म्हणून लोणचं-जॅमला बाद.

एकसारख्या बऱ्याच पायजे असतील, वाटायला किंवा विकायला, तर मग इतवारीच जावं लागते. भांड्यांची न् प्लास्टिकची होलसेल दुकानं तिकडंच आहेत, दोन-चार दुकानं फिरून विचारा, पहिल्याच दुकानात बसून चहा पिऊ नका. विचारताना "झाकणासकट का" आणि "फुटलेली बदलून देणार का" हे दोन प्रश्न आधी. काही ठिकाणी काच स्वस्त सांगतात आणि झाकणाचे पैसे मागाहून लावतात. पूर्ण खोकं जास्त होत असेल तर शेजारच्या दोघी-तिघींना धरा. झाकणं सुटी पण मिळतात, मिलिमीटरच्या मापानं चालतात, ५३, ६३, ७०, ८२ असं, पण माप पाठ करत बसू नका, रिकामी बरणी पिशवीत घालून न्या आणि तिथंच लावून बघा. विकायचं असेल तर मात्र बरणी-झाकण दोन्ही नवंच घ्या, तिथं कंजूषी नको.

घेताना तोंडाच्या कडेवरून बोट हळूच फिरवा, टवका असेल तर लगेच लागते. मग नखानं वाजवा, टणटण वाजली पायजे, बसका आवाज म्हणजे कुठंतरी तडा आहे. घरी आणल्यावर पाणी भरून झाकण लावून पेपरवर रात्रभर उलटी ठेवा, सकाळी पेपर ओला तर ती बरणी डाळ-साखरेला.

मापाचा एक घोळ सगळ्यांचाच होतो. मधाची ५०० ग्रॅमची बाटली म्हणजे अर्धा लिटर नाही, मध जड असतो म्हणून ती साधारण ३५० मिलीचीच असते. त्यामुळे किती बरण्या लागतील ते पाणी भरून मोजा, लेबल वाचून नाही.

प्लास्टिकमध्ये बुडावर त्रिकोणात १ लिहिलेलं असेल तर त्यात गरम काही ओतायचं नाही, ७० डिग्रीच्या आसपासच ते वाकायला लागतं. ५ नंबर गरम सहन करतं. पण वर्षभराचं लोणचं प्लास्टिकमध्ये ठेवू नका असंच माझं मत, तेल न् हळद त्यात कायमची मुरते.

चिनीमातीची बरणी जुनी मिळाली तर मोह होतोच. पण आतल्या चकाकीवर बारीक जाळी पडली असेल किंवा पोपडा निघाला असेल तर लोणच्याले वापरू नका, जुन्या लेपात शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. चमचे ठेवा त्यात. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम तर आंबटाला नाहीच.

लेबल निघत नसेल तर खोबरेल तेलात खायचा सोडा कालवून लावा, तासाभरानं घासा. मग भरायच्या आधी बरणी उकळून घ्यायची, काच थंड पाण्यात ठेवूनच गॅस लावा, खाली फडकं अंथरा, उकळी आल्यावर १० मिनिटं. झाकणं उकळू नका, पट्टी खराब होते, गरम पाण्यात बुडवून काढली की झालं. जॅम गरम भरायचा तर बरणी पण गरम पायजे आणि खाली लाकडी पाट, ओट्याच्या थंड दगडावर ठेवली की तडकते. लोणच्याला उलट, बरणी खडखडीत कोरडी पायजे, आपलं मे महिन्यातलं ऊन एवढ्याच कामाचं, पण ऊन म्हणजे उकळणं नव्हे, दोन्ही करा. लोणच्याचं झाकण जॅमला लावायचं नाही, वास येतो. पत्र्याच्या झाकणाखाली बटर पेपरचा गोल तुकडा टाकला की झाकण जास्त दिवस टिकते.

वाटलेल्या बरण्या परत मिळवायच्या असतील तर बुडावर "रिकामी झाली की परत द्या, पुन्हा भरून मिळेल" अशी चिठ्ठी लावा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून लोक चार लिंबं नाही तर मूठभर चिंच घालून आणतात, ते वरचं. आणि ज्यांच्याकडून बरणी येतच नाही त्यांना पुढच्या वेळी दह्याच्या डब्यात द्या.