कोअर्स कुठे अडतं आणि का

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत न्यूटाइप म्हणजे जुन्याच डब्यावर लावलेली नवी चिठ्ठी. प्रोग्रॅम चालताना ती चिठ्ठी उरतही नाही. म्हणून लाखभर आकड्यांच्या यादीचं कोअर्स, म्हणजे एका टाइपचा डेटा तसाच दुसऱ्या टाइपचा मानणं, फुकटात होतं. न्यूटाइप डिरायव्हिंगही हेच करतं: आतल्या टाइपचा इन्स्टन्स (एखाद्या क्लासच्या फंक्शन्सचा, म्हणजे मेथड्सचा, त्या टाइपसाठीचा कोड) घेऊन त्याची एकेक मेथड कोअर्स करतं.

मग काही ठिकाणी कंपायलर नाही का म्हणतो? नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्यांचे भाव मॅपमध्ये, म्हणजे की देऊन व्हॅल्यू शोधायच्या रचनेत, ठेवलेत असं धरा. की म्हणजे लॉट नंबर, व्हॅल्यू म्हणजे भाव. भावाला 'रुपये' हा न्यूटाइप बिनधास्त चढवा. पण कीला उलट क्रम लावणारा 'डाउन' चढवला तर? मॅप आतून झाड आहे: मुळाशी ३०, डावीकडे २०, उजवीकडे ४०. आता ४० शोधा. डाउनच्या हिशेबात ४० हा ३० पेक्षा लहान, म्हणून शोध डावीकडे जातो, २० भेटतो आणि 'नाही सापडलं' असं उत्तर येतं. लॉट तर तिथेच पडलाय!

कुठल्या पॅरामीटरवर कोअर्स चालेल हे त्याचा रोल ठरवतो. म्हणून मॅपच्या कीचा रोल नॉमिनल (टाइप तोच हवा) आहे आणि व्हॅल्यूचा रिप्रेझेंटेशनल (आतली रचना तीच असली की पुरे). तिसरा रोल फँटम (पॅरामीटर डेटात वापरलाच नाही, काहीही चालतं). हे रोल हास्केलच्या जीएचसी या कंपायलरच्या ७.८ मध्ये, २०१४ साली आले. त्याआधी टाइप फॅमिली (टाइपवरून टाइप ठरवणारी फंक्शन्स) आणि न्यूटाइप डिरायव्हिंग एकत्र वापरून टाइप सिस्टिमला चक्क चकवता येत असे.

खरी गोची स्वतः लिहिलेल्या झाडाची. कंपायलर फक्त रचना पाहतो, क्रमाचा नियम त्याला कळत नाही, म्हणून तो कीला रिप्रेझेंटेशनल ठरवतो. डेटा टाइपचा कन्स्ट्रक्टर लपवूनही हे थांबत नाही. टाइप रोलची ओळ हातानेच लिहा आणि कीचा रोल नॉमिनल ठरवा.

ट्रॅव्हर्सेबल (रचनेतल्या प्रत्येक घटकावर काम करत फिरण्याचा क्लास) न्यूटाइपने डिराइव्ह करू पाहाल तर 'कुडन्ट मॅच रिप्रेझेंटेशन' ही एरर येईल. त्याच्या ट्रॅव्हर्स या मेथडचं उत्तर एफ नावाच्या एका अनोळखी टाइपच्या आत असतं. त्या एफच्या पॅरामीटरचा रोल माहीत नसल्याने कंपायलर तो नॉमिनलच धरतो. इथे स्टॉक डिरायव्हिंग वापरा, त्यात कंपायलर रचना पाहून कोड स्वतः लिहितो.

आणि डिरायव्हिंगची स्ट्रॅटेजी, म्हणजे कुठली पद्धत वापरायची ते, नेहमी उघड लिहा. न्यूटाइप आणि एनीक्लास (मेथड्सचा कोड न देता इन्स्टन्स तयार करणारी) ही दोन्ही एक्स्टेन्शन्स चालू असतील, तर स्वतःच्या क्लाससाठी कंपायलर एनीक्लास उचलतो. वॉर्निंग देतो, पण ती वाचतं कोण! डिफॉल्ट नसलेल्या मेथड्स मग रिकाम्याच राहतात आणि ते कळतं थेट प्रोग्रॅम कोसळल्यावर.