टोरेंटला ब्लॉकलिस्ट लावताय? आधी फाइल उघडून बघा

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत, वर माझा आणि खाली पुतण्याचा, आणि मी डेबियन लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) टोरेंटवर कायम सीड करत ठेवतो, म्हणजे इतरांना उतरवायला देत राहतो, कारण ओळखीतल्या पोरांना लिनक्स टाकून द्यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात पुतण्या वर आला, म्हणाला काका, फाइल तुमच्याकडेच आहे ना, मग मला इतकी हळू का येतेय? बघितलं तर त्याच्या पीअर्समध्ये, म्हणजे ज्यांच्याशी फाइलची देवाणघेवाण चालते त्यांच्यात, बाहेरदेशचे लोक भरलेले, आणि डोक्यावरच्या मजल्यावरचा माझा कॉम्प्युटर नाहीच. तासभर राउटरशी झटापट केल्यावर सापडलं, आदल्या दिवशी त्याच्याकडे जी भलीमोठी ब्लॉकलिस्ट (कोणत्या आयपीशी, म्हणजे नेटवरच्या पत्त्याशी, जोडायचं नाही त्याची यादी) टाकली होती तिच्यात १९२.१६८ ची आख्खी रेंज होती, म्हणजे घरातलेच आयपी ब्लॉक!

तर आता नीट सांगतो. टोरेंटचा प्रोग्राम क्यूबिटटोरेंट असो की ट्रान्समिशन, इन्स्टॉल केल्यावर ब्लॉकलिस्ट बंदच असते. ट्रान्समिशनमध्ये यूआरएलचा रकाना भरलेला दिसतो खरा पण तो एक्झाम्पल डॉट कॉमचा नमुन्याचा पत्ता आहे, तिथून काही येत नाही, लिस्ट आपणच शोधून द्यायची. गंमत म्हणून सगळ्यात मोठी लिस्ट उचलू नका, लाखभर ओळी म्हणजे जास्त सुरक्षित असं काही नसतं, उलट चांगले सीडर कापले जातात.

लिस्ट उतरवली की नोटपॅडमध्ये उघडा. पी२पी फॉर्मॅट असेल तर ओळीत आधी नाव, मग कोलन, मग सुरुवातीचा आयपी, डॅश आणि शेवटचा आयपी. ईम्यूल ह्या जुन्या फाइल शेअरिंग प्रोग्रामवाल्या डीएटी फॉर्मॅटमध्ये आधी रेंज, मग स्वल्पविराम देऊन एक आकडा, मग नाव. त्या आकड्याकडे लक्ष द्या, १२७ च्या वर असेल तर ती रेंज ब्लॉक होत नाही. आता फाइंड करून १०., १७२.१६ आणि १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या रेंज शोधा, ह्या खासगी नेटवर्कच्या आहेत, घरात किंवा ऑफिसात एकमेकांना फाइल देत असाल तर त्या ओळी काढून सेव्ह करा. मी हेच केलं आणि पुतण्याकडची आयएसओ बघता बघता उतरली, क्यूबिटटोरेंटच्या बिटटोरेंट टॅबमध्ये लोकल पीअर डिस्कव्हरी (घरच्याच नेटवर्कवरचे पीअर शोधायची सोय) मात्र दोन्हीकडे चालू पाहिजे.

लावायचं असं: क्यूबिटटोरेंटमध्ये टूल्स, ऑप्शन्स, कनेक्शन, आणि सगळ्यात खाली आयपी फिल्टरिंग. टिक करा, फाइलचा पाथ द्या (डीएटी, पी२पी, पी२बी चालतात, जीझेड म्हणजे कॉम्प्रेस केलेली असेल तर आधी एक्स्ट्रॅक्ट करा), शेजारचं रीलोडचं बटण दाबा. किती रूल लागले ते तो सांगतो, शून्य आलं तर फॉर्मॅट चुकलाय. ट्रॅकर्सनाही (पीअर्सचे पत्ते कळवणाऱ्या सर्व्हरना) लावा असा एक टिकबॉक्स आहे तो रिकामाच ठेवा, नाहीतर ट्रॅकरचाच आयपी लिस्टमध्ये सापडला की पीअर मिळणं अवघड. ट्रान्समिशनमध्ये सेटिंगमध्ये यूआरएल टाकून अपडेट दाबलं की झालं, त्याला जीझेड चालते.

नंतर दोन-चार दिवस क्यूबिटटोरेंटच्या लॉगमधला ब्लॉक्ड आयपीचा टॅब बघत रहा. एकाच रेंजचे लोक सारखे अडत असतील तर ती ओळ खरंच हवी का विचार करा, कारण आयपी हातोहात फिरतात, काल ज्याच्यावर खराब डेटाचा शिक्का होता तो पत्ता आज एखाद्या साध्या घरगुती कनेक्शनला मिळालेला असू शकतो. म्हणून लिस्ट जुनी झाली की बदला, वर्षभर तीच चालवू नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर घरच्या वापराला एवढी लिस्ट लागतच नाही. कोणी एक पीअर त्रास देतोय असं दिसलं तर क्यूबिटटोरेंटच्या पीअर्स टॅबमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून कायमचं बॅन करा, बस. चुकून केलं तरी त्याच ऑप्शन्समध्ये हाताने बॅन केलेल्या आयपींची यादी असते, तिथून काढता येतं.

आणि भिया लोक, एक गैरसमज ठेवू नका. ब्लॉकलिस्ट तुम्हाला लपवत नाही. तुमचा आयपी ट्रॅकरला आणि बाकी पीअर्सना दिसतोच, लिस्ट फक्त नको त्या पत्त्यांशी जोडणी टाळते. त्यात बऱ्याच लिस्टमध्ये फक्त जुन्या टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचे, म्हणजे आयपीव्ही फोरचेच पत्ते असतात, आणि आपल्याकडे मोबाइलच्या नेटवर आता नव्या पद्धतीचं आयपीव्ही सिक्स सर्रास येतं, तिथून कोणी आलं तर ती लिस्ट त्याला अडवणार नाही. पुतण्याला हे पटायला वेळ लागला, मग त्याच्याच पीअर्स टॅबमध्ये कोलनवाले लांबलचक पत्ते दाखवले तेव्हा म्हणाला, अच्छा, हे तर सगळे आत आलेत!