जुन्या शेव्हेलचे मागचे गिअर बदलताय? या चुका टाळा

१९७० ची शेव्हेल (शेव्हरोलेची अमेरिकन गाडी), ३५० घन इंचांचं इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे १२ बोल्टचा एक्सल. त्यात ४.१० चे गिअर बसवून मी पहिल्यांदा हायवेला लागलो. दहा मिनिटांनी बायको म्हणाली, "अहो, पुढचा गिअर टाका ना." पुढचा गिअर नव्हताच. तीन गिअरचा बॉक्स, तिसऱ्यात १:१, आणि इंजिन बिचारं बोंबलतंय.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच: आकडा ऐकून गिअर घेणं. ४.१० म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या दांड्याला) चार वेळा आणि थोडं जास्त फिरावं लागतं. सिग्नलवरून गाडी झेपावते, मजा येते. पण तुम्ही सिग्नलवर किती वेळ असता आणि हायवेवर किती? इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात, त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी मैल गुणिले गिअरचं प्रमाण गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. २६ इंची टायर आणि ताशी ७० मैल धरले, तर ३.०८ ला इंजिन साधारण २,७९० फेऱ्यांवर असतं, ३.७३ ला ३,३७० वर, ४.१० ला ३,७०० वर. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या जुन्या टॉर्क कन्व्हर्टरची घसर त्यावर आणखी. तासभर त्या आवाजात बसून बघा, मग ठरवा.

टायर बदलायचे असतील तर आधी टायर, मग गिअर. २८ इंची टायरवर ४.१० चं काम २६ इंचीवरच्या ३.८ इतकंच होतं. आणि गिअरबॉक्स बदलून ७००आर४ (चार गिअरचा ऑटोमॅटिक) बसवणार असाल, तर सगळं गणितच फिरतं. त्याचा पहिला गिअर ३.०६, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या कमी ठेवणारा शेवटचा गिअर, ०.७०. मागे ३.७३ ठेवलं तरी पहिल्या गिअरला एकूण (दोन्ही आकड्यांचा गुणाकार) ११.४ मिळतात; माझ्या टर्बो ३५० ला ४.१० लावून मिळतात १०.३ च. शिवाय ओव्हरड्राइव्हमध्ये तेच ३.७३ हायवेवर २.६१ होतं. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी पैसे आधी गिअरबॉक्सवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक, आत काय आहे ते न बघता ऑर्डर देणं. पन्नास वर्षांत एक्सल किती वेळा उघडलाय, कुणाला ठाऊक? कव्हर काढा आणि दात मोजा. पुण्याच्या गॅरेजात ज्याला क्राऊन म्हणतात, त्या मोठ्या चक्रावर ४१ आणि ते फिरवणाऱ्या छोट्या पिनियनवर ११ दात असतील तर ३.७३, पिनियनवर १० असतील तर ४.१०. प्रमाण वाढलं की पिनियन बारीक होतं, म्हणून क्राऊन त्याच्यापर्यंत पोचवावा लागतो. म्हणून १२ बोल्टमध्ये ३.०८ ते ३.७३ साठी एक कॅरिअर (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) आणि ४.१० पासून पुढे वेगळा. जुन्याच कॅरिअरवर भागवायला जाड क्राऊन मिळतो, पण तो मागवताना तसं स्पष्ट सांगावं लागतं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातून जोडीनेच येतात, दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. एक या डब्यातला, एक त्या डब्यातला, असं कधीच करू नका.

एक छोटी गोष्ट, पण त्यात माझी दुपार गेली: या एक्सलच्या क्राऊनचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. "सुटत नाही" म्हणून पाइप लावून मी ते अजून आवळतच होतो.

बसवताना घाई नको. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली, आवळताना चेपणारी नळी) एकदाच वापरायची. पिनियनचा नट जास्त आवळला गेला तर सैल करून चालत नाही, नवी स्लीव्ह घाला. नव्या गिअरच्या दातांमधला खेळ, म्हणजे बॅकलॅश, बहुधा इंचाचे ६ ते १० हजारांश सांगितलेला असतो. डब्यातल्या कागदावर जो असेल तो पाळा. मग दातांना पिवळी पेस्ट लावून हाताने फिरवा. ठसा दाताच्या मुळाकडे उतरला असेल तर पिनियन फार आत गेलंय, त्याची शिम (पातळ चकती) आणखी पातळ करा. टोकाकडे चढला असेल तर जाड.

तरीही आवाज आलाच, तर आधी कान द्या. अॅक्सिलरेटर दाबल्यावरच रडत असेल, किंवा सोडल्यावरच, तर दातांचा ठसा पुन्हा बघा. सगळीकडे सारखी घरघर म्हणजे बहुतेक बेअरिंग. फक्त वळणावर कटकट होत असेल आणि आत पोझिट्रॅक्शन (दोन्ही चाकांना जोर देणारा क्लचवाला डिफरन्शियल) असेल, तर तेलात घालायचं अॅडिटिव्ह राहिलंय का ते विचारा. निघताना खाडकन आवाज? एक्सल उघडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट हलवून बघा. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकने त्याच आवाजासाठी एक्सल दोनदा उघडला. दोष जॉइंटचाच निघाला.

पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची, शांतपणे. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पाचशे मैलांनी तेल बदला.

स्पीडोमीटरचं मात्र मी साफ विसरलो होतो. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, त्यामुळे मागचे गिअर बदलले की आतलं प्लॅस्टिकचं छोटं गिअरही बदलावं लागतं. ३.०८ वरून थेट ४.१० वर गेलो, त्यामुळे खऱ्या ताशी ६० मैलांना काटा ८० दाखवत होता. बायको सीट घट्ट धरून बसलेली, आणि शेजारच्या लेनमधून एकेक ट्रक निवांत पुढे जात होता.